मामाची जीप चिखलात रुतव

प्रिय पोरी,

तुझी कथा काल रात्री दोनदा वाचली. व्हॉइस नोटच टाकणार होते, पण ती पंधरा मिनिटांची झाली असती, म्हणून लिहितेय.

सुरुवात झकास जमलीये. चपलेचा अंगठा तुटतो, पोरगा त्याला सेफ्टी पिन लावतो आणि तसाच फरफटत पळतो, तिथेच मी त्याच्या बाजूची झाले. पण सहाव्या पानावर जीपमधून मामा येतो, सगळं मार्गी लावतो, वर जाता जाता पर्यावरणावर दोन पॅरेग्राफ भाषण ठोकतो! अगं इतका वेळ तो पोरगा जिवाच्या आकांताने धडपडतोय आणि ऐन वेळी तू त्याला बाजूला सारून मोठ्या माणसाच्या हातात स्टिअरिंग देतेस? मामाची जीप चिखलात रुतव, नाहीतर त्याचा फोनच लागू देऊ नकोस, काहीही कर. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघ ना, फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, भानगडीत स्वतःच घुसतो आणि बाहेर पडतो तेही स्वतःच्याच डोक्याने. आणि जिभेने काढलेल्या एका ‘ट्टॉक’ आवाजाने तो लक्षात राहतो. तू मात्र ‘हुशार, धाडसी, मनमिळाऊ’ अशी विशेषणं लावत बसलीयेस, ती सगळी उडव.

माझीच फजिती सांगते. एकदा झेडपीच्या शाळेत चौथीच्या वर्गात पुराची गोष्ट वाचली, मला वाटलं शेवटाला सगळे गहिवरतील. एक पोरगा हात वर करून म्हणतो, “बाई, शेळी सोडली का कुणी?” मी गारच. दुसऱ्या पानावर मीच खुंटीला बांधली होती ती, निव्वळ गावचा फील यावा म्हणून, आणि पुढे साफ विसरले. मोठी माणसं असल्या गोष्टी सोडून देतात, पोरं नाही सोडत, त्यांच्या लेखी ती शेळी अजून पाण्यात उभी असते. तेव्हापासून छापायच्या आधी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते, पोरं बेंच कोरायला लागली की त्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवते आणि घरी येऊन कापते.

संवादांचं तर बोलूच नको. अकरा वर्षांचा पोरगा ‘मला अत्यंत आनंद झाला आहे’ म्हणेल का गं? तो ‘भारी!’ म्हणेल, नाहीतर काहीच न बोलता दगड भिरकावेल.

तेरा-चौदाच्या पोरांसाठी लिहायचंय म्हणालीस, लिहीच, आपल्याकडे त्या वयाचं फार कमी येतं. फक्त इन्स्टावरचे शब्द कोंबू नकोस, वर्षभरात शिळे होतात. त्यापेक्षा फी भरली नाही म्हणून भर वर्गात नाव पुकारलं जातं तेव्हा कान कसे तापतात, ते लिही.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट आहेत, चाळ जरा.

रविवारपर्यंत नवा ड्राफ्ट पाठव. आणि हो, तिसऱ्या पानावरचं ते कुत्र्याचं पिल्लू, त्याचं पुढे काय झालं?

तुझी,
मावशी