जपानच्या टीव्ही चॅनेलमध्ये करिअर: बारावीनंतर नेमकं काय करावं?

प्रश्न: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून 'शिनचॅन' आणि 'डोरेमॉन' बघून तिला जपानी भाषेची गोडी लागली. ऑनलाइन क्लास लावून ती जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास झाली आहे (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड). आता तिला टोकियोच्या 'टीव्ही असाही' चॅनेलमध्ये नोकरी करायची आहे. हे चॅनेल कसं चालतं, परदेशी मुलांना तिथे घेतात का, आणि आत्ता तिला मास कम्युनिकेशनला घालावं का, यातलं आम्हाला काहीच कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावं.
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, नमस्कार.

सुरुवात शिनचॅनपासूनच करू, कारण घोळ तिथेच आहे. शिनचॅन १९९२ पासून आणि डोरेमॉनची सध्याची परंपरा १९७९ पासून टीव्ही असाहीवर दिसते हे खरं, पण ही कार्टून्स त्या चॅनेलच्या इमारतीत काढली जात नाहीत. ती बनवते शिन-एई अ‍ॅनिमेशन ही कंपनी. २००९ पासून ती टीव्ही असाहीची उपकंपनी आहे, पण तिची भरती, तिचं काम, तिथली माणसं सगळं वेगळं. चॅनेल वेळ देतं, पैसा लावतं, जाहिरातदार आणतं, हक्क सांभाळतं. तेव्हा मुलीला आधी विचारा: तुला चित्रं काढायचीत, कार्यक्रम बनवायचेत, बातम्यांत जायचंय, तंत्र सांभाळायचंय की कार्यक्रमांचे हक्क विकायचेत? उत्तर बदललं की पुढचा सगळा रस्ता बदलतो. ती 'चित्रं' म्हणाली, तर एक लक्षात घ्या: तिथे नवख्या अ‍ॅनिमेटरला बऱ्याचदा प्रत्येक चित्रामागे पैसे मिळतात, आणि कायम नोकरीचा करार नसेल तर वर्क व्हिसा मिळवणं फार अवघड.

आता 'नेटवर्क' म्हणजे काय ते. आपल्याकडे एक चॅनेल उपग्रहावरून देशभर दिसतं. जपानमध्ये जमिनीवरच्या खासगी टीव्हीचा परवाना प्रदेशापुरता मिळतो. टोकियोत पाच मोठी 'की स्टेशन्स' आहेत: निप्पॉन टीव्ही (१९५३, देशातलं पहिलं खासगी टीव्ही केंद्र), टीबीएस (१९५५), टीव्ही असाही आणि फुजी टीव्ही (दोन्ही १९५९) आणि टीव्ही टोकियो (१९६४). यांचा परवाना टोकियो आणि आसपासच्या प्रदेशापुरता. बाकी देशात पोहोचायला प्रत्येकाने स्थानिक केंद्रांशी करार केलेत. टीव्ही असाहीचं जाळं म्हणजे एएनएन, त्यात तिच्यासकट २६ केंद्रं. टीबीएसच्या जेएनएनमध्ये २८. टीव्ही टोकियोचं जाळं जेमतेम ६ केंद्रांचं. ही केंद्रं शाखा नव्हेत. ओसाकाचं असाही ब्रॉडकास्टिंग, नागोया टीव्ही, होक्काइदो टीव्ही या स्वतंत्र कंपन्या आहेत. टोकियोकडून त्या कार्यक्रम घेतात, देशव्यापी जाहिरातींतला वाटा घेतात, पण स्थानिक बातम्या आणि संध्याकाळचे कार्यक्रम स्वतः करतात, स्थानिक जाहिराती स्वतः विकतात आणि माणसंही स्वतःच घेतात. म्हणजे मुलीसमोर एक नव्हे, २६ मालक आहेत. 'प्रिक्युअर' ही मालिका २००४ पासून ओसाकाच्या केंद्राची आहे. सगळं टोकियोतूनच निघतं असं नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण मुलाखतीत 'आमचंच केंद्र का?' हा प्रश्न चुकत नाही आणि 'मला अ‍ॅनिमे आवडतं' हे उत्तर तिथे चालत नाही. टीव्ही असाही १ फेब्रुवारी १९५९ रोजी निप्पॉन एज्युकेशनल टेलिव्हिजन, म्हणजे एनईटी, या नावाने सुरू झालं. परवानाच शैक्षणिक होता, निदान निम्मा वेळ शिक्षणाला द्यायची अट होती. शाळेच्या धड्यांवर जाहिरातदार किती येणार? १९७३ मध्ये सर्वसाधारण परवाना मिळाला, १९७७ मध्ये आजचं नाव आलं.

मधली १९७५ ची घटना मुलीला नक्की वाचायला सांगा. ओसाकात तोवर उलटं जोडकाम होतं: असाही वृत्तपत्राच्या गोटातलं केंद्र टीबीएसशी जोडलेलं आणि मैनिची या दुसऱ्या वृत्तपत्राच्या गोटातलं केंद्र एनईटीशी. ३१ मार्च १९७५ ला दोघांची अदलाबदल झाली. त्यात मैनिचीच्या केंद्राची 'कामेन रायडर' मालिका टीबीएसकडे गेली आणि एनईटीच्या वेळापत्रकात खड्डा पडला. तो भरायला तोएई कंपनीकडून ५ एप्रिलला पाच रंगांच्या वीरांची 'गोरेंजर' आली. आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेले पॉवर रेंजर्स त्याच वंशातले, १९९३ मध्ये अमेरिकेत जपानी चित्रीकरण वापरून बनवलेले. कराराच्या कागदावरच्या बदलातून पन्नास वर्षं पुरणारा प्रकार कसा जन्मतो, हे ज्याला समजलं त्याला नेटवर्क समजलं. उलटा धडाही आहे: १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे जपानमधले हक्क एकट्या टीव्ही असाहीने घेतले आणि मग जपाननेच बहिष्कार टाकला.

आता रोजचं काम. कार्यक्रमांचं वेळापत्रक ठरवणारा विभाग म्हणजे 'हेनसेई', जाहिरातवेळ विकणारा 'एइग्यो', बातम्यांचा 'होदो', निर्मितीचा 'सेइसाकु' आणि तंत्राचा 'गिजुत्सु'. खरी सत्ता हेनसेईकडे; नवी मुलं मात्र सेइसाकुची स्वप्नं बघतात. जाहिराती दोन प्रकारच्या: कार्यक्रमाच्या प्रायोजकाची, साधारण ३० सेकंदांच्या घटकात, आणि सुटी 'स्पॉट', १५ सेकंदांची. आठवड्याच्या एकूण प्रसारणात जाहिराती १८ टक्क्यांच्या आत ठेवायच्या, असा खासगी प्रसारकांच्या संघटनेचा दंडक आहे. विक्री आणि वेळापत्रक एकाच संगणकप्रणालीत जुळवून दिवसाची सेकंदागणिक यादी तयार होते, ती 'मास्टर' या मुख्य नियंत्रण कक्षात जाते आणि तिथून प्रसारण आपोआप चालतं. माणसं लक्ष ठेवायला असतात, आणि भूकंपासारख्या प्रसंगी यादी मोडून थेट बातम्यांवर जायला.

इथे चुका कुठे होतात ते बघा. टीव्हीवाल्यांचा दिवस रात्री बाराला संपत नाही. मध्यरात्रीनंतरचा एक वाजता म्हणजे त्यांचे '२५ वाजता', आणि तो आदल्या तारखेत मोजतात. 'शुक्रवारी २५:२० ला' म्हणजे आपल्या हिशेबाने शनिवारी पहाटे १:२०. हे न कळल्याने नवखा माणूस एक दिवस चुकतो. कार्यक्रमाची फाइल केंद्रात आली की तिची तपासणी होते. आवाजाची सरासरी पातळी उणे २४ एलकेएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास हवी. फार वर-खाली असेल तर फाइल परत जाते आणि ध्वनिमिश्रण पुन्हा करावं लागतं. दुसरी तपासणी लुकलुकणाऱ्या प्रकाशाची. १६ डिसेंबर १९९७ ला टीव्ही टोकियोच्या 'पोकेमॉन'मधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर १९९८ मध्ये नियम आले: ढोबळमानाने सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको, आणि गडद लाल रंगाबाबत जास्तच काळजी. पत्रकार परिषदेतल्या कॅमेऱ्यांच्या फ्लॅशमुळेसुद्धा चांगली फुटेज या तपासणीत अडकते. बातम्यांत फ्लॅशचा इशारा आधीच पडद्यावर लिहितात.

निर्मितीत शिरणारा पहिली काही वर्षं 'एडी', म्हणजे असिस्टंट डायरेक्टर असतो. नाव भारदस्त, काम असं: शूटिंगच्या जागेची परवानगी काढणं, माहितीची खातरजमा, सामानाची जुळवाजुळव, मुलाखती शब्दशः उतरवून काढणं, पडद्यावरच्या अक्षरांतली चूक शोधणं, जेवणाचे डबे मागवणं. बहुतेक एडी केंद्राचे नोकर नसतात, बाहेरच्या निर्मिती कंपन्यांचे असतात. पगार आणि सुरक्षितता दोन्हींत केंद्राचा कर्मचारी आणि बाहेरचा एडी यांत मोठी दरी आहे. आणि परदेशी मुलीसाठी इथे व्हिसाची मेख आहे. पदवीधर परदेशी लोक साधारणपणे 'इंजिनिअर, स्पेशालिस्ट इन ह्युमॅनिटीज, इंटरनॅशनल सर्व्हिसेस' या व्हिसावर काम करतात. त्यासाठी काम विशेष ज्ञानाचं असावं लागतं. करारात नुसती हमाली आणि धावपळ दिसली, तर इमिग्रेशन अर्ज नाकारू शकतं. कंपनीने कामाचं वर्णन नीट लिहून द्यायलाच हवं.

परदेशी मुलांना घेतात का? घेतात, पण वेगळी रांग नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आधीपासून जपानी मुलांबरोबरच अर्ज, लेखी चाचणी, मुलाखतींच्या फेऱ्या, आणि रुजू व्हायचं एप्रिलमध्ये. टीव्ही केंद्रांची निवड इतर कंपन्यांपेक्षा लवकर सुरू होते, निवेदकांची तर सर्वांत आधी. पदवी झाल्यावर 'आता नोकरी शोधू' म्हणणाऱ्याची गाडी तिथे सुटलेली असते.

भाषेचं म्हणाल तर एन-१ शिवाय बोलणंच नको. त्यात १८० पैकी १०० गुण आणि तिन्ही भागांत प्रत्येकी किमान १९ लागतात. शिवाय या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत, आणि केंद्राच्या अर्जात तर लिहायचंच असतं. म्हणून एन-३ नंतर निबंधलेखनाचा वेगळा सराव लावा.

मास कम्युनिकेशनच्या पदवीची घाई करू नका. जपानी केंद्रं त्या पदवीला वेगळं वजन देत नाहीत. मुलगी सायन्सची आहे, ही जमेची बाजू आहे. माझ्या मते पहिला प्रयत्न जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचा करावा. अर्ज दूतावासामार्फत, वर्षाच्या पूर्वार्धात सूचना निघते. गणित, इंग्रजी, जपानी आणि विज्ञानाच्या परीक्षा असतात. निवड झाली तर पहिलं वर्ष भाषेचं धरून साधारण पाच वर्षं फी नाही आणि दरमहा १,१७,००० येन. स्पर्धा कडक आहे, पण फॉर्म भरण्यात काही जात नाही.

ते जमलं नाही तर दोन पर्याय. एक, भारतात इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटरची पदवी आणि सोबत जपानी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषेचे वर्ग आहेत आणि जेएलपीटीचं केंद्रही पुण्यात आहे. प्रसारणाचं तंत्र, स्ट्रीमिंग, फाइलव्यवस्था यांत ही जोडी उपयोगी पडते. टीव्ही असाहीने सायबरएजंट या इंटरनेट कंपनीबरोबर २०१६ मध्ये 'अबेमा' ही इंटरनेट सेवा सुरू केली, तिकडेही इंजिनिअर लागतात. दोन, जपानमध्ये भाषाशाळा (जास्तीत जास्त दोन वर्षं) आणि मग दोन वर्षांचं प्रसारणाचं व्यावसायिक कॉलेज, म्हणजे 'सेनमोन गाक्को'. हा रस्ता पैशाने जड आहे. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासच अर्धवेळ काम करता येतं. त्यावर फी निघते असं कोणी एजंट सांगत असेल तर उठून या. शिवाय सेनमोनच्या मुलांना साधारणपणे शिकलेल्या विषयाशी जुळणारीच नोकरी धरावी लागते.

हक्क आणि भाषांतर ही बाजूही विसरू नका, तिचं काम भारतातही आहे. 'निंजा हातोरी'ची नवी मालिका शिन-एई आणि मुंबईच्या रिलायन्स मीडियावर्क्सने मिळून केली होती. जपानी कार्यक्रमांची हिंदी रूपांतरं, करारांची भाषांतरं, साहित्याची तपासणी यांत उत्तम जपानी आणि नेटकं हिंदी-मराठी-इंग्रजी असलेली माणसं लागतात. शिनचॅनवर प्रेम असलेल्या मुलीला हे काम एडीगिरीपेक्षा जास्त मानवेल, असं मला वाटतं.

आत्ता एवढं करा. यूट्यूबवर एएनएनचं बातम्यांचं चॅनेल इथूनही दिसतं. तिने रोज एक मिनिटाची बातमी ऐकून जपानीत उतरवून काढायची. निवेदक मिनिटाला साधारण ३०० अक्षरं वाचतात. सुरुवातीला निम्मीही जमणार नाहीत, तीन महिन्यांत फरक दिसेल. ती वही आणि एन-३ चा निकाल हाती आला की पुन्हा लिहा, म्हणजे मेक्स्टच्या अर्जात कोणती शाखा भरायची ते ठरवता येईल.