कार्डचं कर्ज 'सेटल' केलं, धंदा बुडाला, दिवाळखोर झालो, आता होम लोन मिळेल का?

मिळेल, पण लगेच अर्ज टाकू नका. आधी एक गोष्ट, तुम्ही 'दिवाळखोर झालो' म्हणताय तसं कायद्याने बहुतेक झालेलं नसतं, आपल्याकडे साधा माणूस कोर्टात जाऊन नादारी घेतो असं फार क्वचित, बँकेशी तडजोड होते आणि क्रेडिट रिपोर्टवर (म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर) 'सेटल्ड' (कमी पैशांत मिटवलं) किंवा 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलं) असा शिक्का बसतो, खरी अडचण त्या शिक्क्याची आहे. क्रेडिट स्कोअर चांगला, ७५० झाला तरी मॅनेजर तो शब्द बघतोच.

म्हणून सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या ही नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतात. मग जमत असेल तर बँकेने सोडलेली रक्कम भरून टाका, पण पैसे देण्याआधी 'खातं क्लोज्ड दाखवू' असं लेखी घ्या (तोंडी शब्दावर अजिबात विसंबू नका हो, वसुलीवाले काहीही बोलतात) आणि नंतर नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नाही असा दाखला). एवढं करूनही रिपोर्ट बदलला नाही तर तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते, आरबीआयचाच नियम आहे.

तोवर एफडीवर एक क्रेडिट कार्ड घ्या, थोडंच वापरा, बिल पूर्ण भरा. बायकोचा पगार असेल तर तिला को-ॲप्लिकंट (सहअर्जदार) करा, फायदा होतो, पण तुमचा रिपोर्ट तरीही बघतातच. आणि पाच बँकांत एकदम अर्ज नको, प्रत्येक चौकशीची नोंद होते. हाउसिंग फायनान्सवाले लवकर देतील पण व्याज जास्त.