अपडेटनंतर स्क्रीन काळी? आधी जुना कर्नल

लगेच नव्याने इन्स्टॉल करायला बसू नकोस. उबुंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टम) नवा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, टाकताना आधीचा ठेवून देतं. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धर (यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीचं बायोस, असेल तर एस्केप दाब), ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेनू येईल. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुन्या आकड्याचा कर्नल निवड. डेस्कटॉप आला, तर घोळ नव्या कर्नलशी. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर माझा पहिला संशय ड्रायव्हरवरच, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तो ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ या उबुंटूच्या अ‍ॅपमधून पुन्हा टाक.

तरीही काळंच? कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाब. लॉगिन मागितलं म्हणजे सिस्टम जिवंत आहे, नुसतं चित्र अडलंय. तिथे लॉगिन करून ‘डीएफ’ (df) कमांड दे आणि डिस्कवर किती जागा उरलीय ते बघ. ती गच्च भरली असेल तर डेस्कटॉपच्या लॉगिनला पासवर्ड बरोबर टाकूनही पुन्हा तिथेच परत येशील, आणि उगाच ड्रायव्हरला शिव्या घालत बसशील.