आयरिसला बोंड धरत नाही? पराग कुठे लावताय ते बघा

न्यू जर्सीच्या अंगणात जांभळा आणि पिवळा बिअर्डेड आयरिस (लोंबत्या पाकळ्यांवर दाढीसारखा झुपका असतो तो) आहे, दोघांचा संकर करायला ब्रशने पराग लावले तरी एकही बोंड धरलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक पराग भलत्याच जागी लागलेत.

फुलाच्या मधोमध पाकळ्यांसारख्याच दिसणाऱ्या तीन कमानी असतात. प्रत्येकीखाली एक परागकोश दडलेला असतो. कमानीच्या टोकाशी वर वळलेला तुरा असतो, त्याच्या किंचित खाली एक पातळ पापुद्रा दिसेल. तीच कुक्षी, आणि तिची तुऱ्याकडची बाजूच पराग धरते. मधमाशी आत शिरताना तिच्या पाठीवरचे पराग या बाजूवर खरवडले जातात. बाहेर पडताना पापुद्रा मागे दाबला जातो, म्हणून त्याच फुलाचे पराग सहसा लागत नाहीत. तुमचा ब्रश खालच्या बाजूने फिरला असेल तर मेहनत फुकट.

ब्रश ठेवून द्या, चिमटा घ्या. सकाळी नुकतं उमललेलं फूल निवडा. त्याचे परागकोश काढा, लोंबत्या पाकळ्याही खुडा, म्हणजे मधमाशीला उतरायला जागा राहत नाही. मग दुसऱ्या फुलाचा फुटलेला परागकोश उचलून पापुद्र्यावर अलगद घासा. पाऊस असेल तर त्या दिवशी नाद सोडा. लगेच चिठ्ठी बांधा: आधी आईचं (बोंड धरणाऱ्या झाडाचं) नाव, मग बापाचं (पराग देणाऱ्याचं), आणि पेन्सिलीनेच.

तरीही धरलं नाही तर आई-बापाची अदलाबदल करून बघा, काही जाती बी धरतच नाहीत. १९८५ साली डाइक्स मेडल (आयरिसच्या जातींचा सर्वोच्च मान) मिळालेली गुलाबी 'बेव्हर्ली सिल्स' मात्र पालक म्हणून हमखास.

जांभळा अधिक पिवळा म्हणजे अमुक रंग, असा हिशोब इथे चालत नाही. उंच बिअर्डेड आयरिसमध्ये गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८. म्हणून एकाच बोंडातली भावंडं एकमेकांना ओळख देत नाहीत. पांढऱ्यावर जांभळी किनार हवी असेल तर दोन्ही पालक प्लिकाटा, म्हणजे अशाच किनारीचे, घ्या; तो गुण अप्रभावी आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो. खरा लाल अजून कोणालाच जमलेला नाही.

साधारण दोन महिन्यांत बोंड तपकिरी होऊन टोकाशी तडकतं. बी शरद ऋतूत कुंडीत पेरा आणि कुंडी बाहेरच ठेवा, थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही. पहिल्या वसंतात काहीच दिसलं नाही तरी कुंडी ओतू नका, काही बिया दुसऱ्या वर्षी डोकं काढतात. फूल त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आवडणार नाहीत ती रोपं निर्दयपणे उपटा, नाहीतर अंगण पुरणार नाही.

मोठ्या झाडांचे कंद पाठीवर ऊन घेतील इतके उघडे ठेवा, पुरले की कुजतात. आणि हिवाळ्याआधी वाळकी पानं उचला. बोररची (कंद पोखरणाऱ्या अळीची) अंडी त्यांच्यावरच असतात.

पुण्याला तुमच्या आईंकडे कंद पाठवायचं म्हणताय, ते राहू द्या. तिथे त्याला थंडी पुरणार नाही. त्यांना जास्वंदीच्या संकराचा नाद लावा. गावठी लाल जास्वंद सहसा बी धरत नाही, तेव्हा नर्सरीतल्या दोन संकरित जाती घ्यायला सांगा. फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात, पराग तिथे लावायचे. तेही सकाळीच, कारण बऱ्याच जातींचं फूल एका दिवसात मिटतं.