फ्लॅशचा प्रकाश मऊ करताना

फ्लॅशवर डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा अर्धपारदर्शक पडदा किंवा टोपी) बसवला की प्रकाश आपोआप मऊ होतो, हा समज तुम्ही आधी मनातून काढून टाकावा. सावलीची कड मऊ होते ती प्रकाशाचा स्रोत ज्याचे छायाचित्र काढायचे त्याच्या मानाने मोठा आणि जवळ असल्यामुळे. म्हणूनच बाजारात मिळणारी, फ्लॅशच्या तोंडाएवढीच असलेली प्लास्टिकची टोपी मोकळ्या मैदानात फारसा फरक करत नाही, उलट प्रकाश चहूकडे उधळून बॅटरी लवकर संपवते. पांढऱ्या छताच्या खोलीत मात्र तीच टोपी उपयोगी पडते, कारण तिथे छत आणि भिंती प्रकाश परतवतात. भिंत रंगीत असेल, तर तिची छटा चेहऱ्यावर उतरते.

किडे-फुलपाखरांच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठ्या आकारात टिपलेल्या, छायाचित्रांसाठी माझ्या मते घरगुती डिफ्यूझरच उत्तम. ट्रेसिंग पेपर किंवा पांढरा बटर पेपर फ्लॅशला चिकटवून न लावता चार-पाच बोटे पुढे, लेन्सच्या टोकावर झुकेल असा बसवावा, म्हणजे प्रकाशाला संपूर्ण कागदावर पसरायला जागा मिळते. भुंग्याच्या पाठीवरची चमक मोठी करून पाहा: तिथे लहानसा, अतिप्रकाशाने करपलेला पांढरा ठिपका दिसला, तर कागदाचा मध्यभागच उजळतो आहे असे समजून तेवढ्याच जागी आणखी एक तुकडा लावावा. प्रत्येक थरामागे प्रकाश घटतो, त्यामुळे फ्लॅशची पॉवर वाढवावी लागते आणि फ्लॅश एकदा उडाल्यावर पुन्हा उडेपर्यंतचा वेळही वाढतो. पिवळसर कागद टाळावा, कारण त्याचा रंग चित्रात येतो.

व्यक्तिचित्रांसाठी मात्र विकतचा, घडीचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशसमोर पांढरे कापड ताणलेली मोठी पेटी) घ्यावा आणि तो चौकटीत दिसणार नाही इतपत चेहऱ्याजवळ आणावा.