थ्री-फेज यंत्र, सिंगल-फेज गाळा

प्रश्न : जोगेश्वरीतील माझ्या सुतारकामाच्या गाळ्यात सिंगल-फेज वीज आहे. 3 अश्वशक्तीच्या थ्री-फेज मोटरचे जुने रंधा यंत्र स्वस्तात मिळत आहे. फेज कन्व्हर्टर (सिंगल-फेजपासून थ्री-फेज वीज तयार करणारे उपकरण) घ्यावा का, आणि पैसे कसे उभारावेत?

उत्तर : आधी वीज कंपनीकडे थ्री-फेज जोडणीचा खर्च विचारावा, तो झेपण्यासारखा असेल, तर कन्व्हर्टरची गरजच उरत नाही. अन्यथा एका यंत्रासाठी व्हीएफडी (मोटरला थ्री-फेज वीज पुरवणारा व तिचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर) पुरतो. मात्र 230 व्होल्टच्या सिंगल-फेजवर चालणारा साधा व्हीएफडी 230 व्होल्टचाच थ्री-फेज देतो, आणि आपल्याकडील लहान मोटरी बहुधा 415 व्होल्टसाठी स्टार जोडणीत (तिन्ही गुंडाळ्यांचे एकेक टोक एकत्र जोडलेले) असतात. म्हणून सौदा करण्यापूर्वी मोटरचा टर्मिनल बॉक्स (तारा जोडण्याची पेटी) उघडून गुंडाळ्यांची सहा टोके बाहेर आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे, कारण तसे असल्यास डेल्टा जोडणी (तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात जोडणे) करून मोटर 230 व्होल्टवर चालवता येते. तीनच टोके असतील, तर स्वस्त यंत्र महागात पडेल. व्हीएफडी भुशापासून बंद पेटीत ठेवावा. अनेक यंत्रे चालवायची असतील, तरच रोटरी कन्व्हर्टरचा (फिरत्या मोटरच्या साहाय्याने थ्री-फेज देणाऱ्या कन्व्हर्टरचा) विचार करावा.

एवढ्या खर्चाला मुद्रा योजनेतील 50,000 रुपयांपर्यंतचे विनातारण ‘शिशु’ कर्ज पुरावे. हाताने व अवजारांनी काम करणाऱ्या सुतारांना 2023 पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते. पात्र असल्यास माझी पसंती त्यालाच.