व्याही, विहीण आणि सौनाची वरची पायरी

प्रश्न : डॉक्टरताई, मुलगा फिनलंडला तांपेरे शहरात नोकरीला आहे, सून तिकडचीच. जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. सुनेच्या आईवडिलांनी तळ्याकाठच्या घरी दोन दिवस राहायला बोलावलंय आणि ‘तुमच्यासाठी सौना तापवू’ असा निरोप आलाय. मुलगा म्हणतो, सौना म्हणजे घाम काढायला तापवलेली, पायऱ्यापायऱ्यांचे बाक असलेली खोली, तिथं कपडे काढून बसतात. व्याह्यांसमोर असं बसायचं? नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल का? मला बीपीची गोळी चालू आहे, मंडळींना बारा वर्षांपासून शुगर आहे, दोन वर्षांपासून इन्सुलिन. – एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, आधी व्याह्यांचं निस्तरते, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यात शिरायचं नाही. पाहुणे असले की तिकडे बहुधा बायका वेगळ्या जातात, पुरुष वेगळे. म्हणजे तुमच्यासमोर फक्त व्याही आणि विहिणीसमोर विहीण. पंचा गुंडाळून बसलात तरी चालतं. सुनेकरवी आधी सांगून ठेवा, ऐनवेळी दाराशी घोळ नको. आपण उनपदेवला गोमुखाच्या गरम पाण्याखाली कपड्यांसकट उभे राहणारी माणसं, संकोच होणारच. मलाही झाला. पाच मिनिटांनी लक्षात आलं, कोणी कोणाकडे बघत नाही. सगळे तापलेल्या दगडांकडे बघतात.

नाही म्हटलं तर अपमान होत नाही. पण त्यांनी काय देऊ केलंय ते समजून घ्या. आपण मानाच्या पाहुण्याला खापरावरचे मांडे करतो, तसा ते सौना तापवतात. लाकडाची भट्टी असेल तर व्याही दुपारपासून सरपण घालत बसलेले असतील. ५५ लाख वस्तीच्या देशात ३० लाखांच्या आसपास सौना आहेत. पूर्वी बाळंतपणं तिथंच व्हायची आणि मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळही तिथंच घालायचे. युनेस्कोने २०२० मध्ये ही प्रथा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तेव्हा आत जायचं नसलं तरी बाहेरच्या ओट्यावर बसून गप्पा मारा, तेवढ्यानंही ते खूश होतील.

आता माझी फजिती. लेकीकडे तांपेरेलाच दोन हिवाळे काढले मी. त्यांच्या इमारतीत तळघरात सामाईक सौना, दर आठवड्याला घरटी एक तासाची पाळी. पहिल्या दिवशी शेजारीण म्हणाली, खाली बसा. मी भुसावळची! मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दवाखान्यात पेशंट तपासलेली बाई. चढले थेट वरच्या पायरीवर. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं सगळं त्या गर्वात विसरले. वर ऐंशीच्या पुढे असतं, खालच्या पायरीवर त्यापेक्षा बरंच कमी. शेजारणीने विचारून दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि ओ माय वं! कानाच्या पाळ्या पेटल्या. त्या वाफेला ते ‘लोयुल्यू’ म्हणतात, सौनाचा जीव तोच. कोरडी ऐंशी अंशांची हवा सोसते, कारण घाम उडून अंग थंड राहतं. वाफ मात्र अंगावर येऊन पाणी होते आणि सगळी उष्णता कातडीला देऊन टाकते. त्यात मंगळसूत्र काढायचं राहिलेलं. वाट्या अशा तापल्या की छातीवर दोन गोल लाल डाग, आठवडाभर. घाईने उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीने दंड धरला म्हणून पडले नाही.

हे सगळं लाज सोडून सांगते, ते तुम्ही अमळनेरचे म्हणून. आपल्याला वाटतं, ऊन आपल्या अंगवळणी पडलंय. पडलंय ते सावलीत बसणं, ताक पिणं आणि दुपारी दार लावून झोपणं. सौना म्हणजे ते उन्हात बसणंच.

शिवाय ही शर्यत नाही. एकेकाळी होती. हेइनोला गावी १९९९ पासून किती वेळ तग धरता याच्या स्पर्धा भरायच्या, ११० अंशांत. २०१० साली अंतिम फेरीतला एक स्पर्धक दगावला आणि स्पर्धा कायमच्या बंद झाल्या. आता मधेच उठून बाहेर गेलात तर कोणी वळूनही बघत नाही.

बीपी ताब्यात असेल तर सहसा जाता येतं, पण निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना हाच प्रश्न नेमका विचारा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त पायांकडे उतरतं, त्यात गोळीचा असर. म्हणून उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसा, मग बाक धरून उभे राहा. खालची पायरी, पहिल्या खेपेला पाचसात मिनिटं, आधी दोन ग्लास पाणी. बिअर पुढे करतील. ती बाहेर आल्यावरही नम्रपणे टाळा. दारू आणि सौना या जोडीने तिथल्या लोकांचेही जीव जातात. छातीत दुखण्याचा त्रास अलीकडे झाला असेल किंवा हृदयाची झडप अरुंद असेल तर जायचंच नाही. मग नातं व्याह्यांचं असो की जावयाचं.

तळ्यात उडी मारणं हा त्यांच्या सौनाचा भाग. तुम्ही नको. तापलेलं अंग एकदम गार पाण्यात गेलं की बीपी झटक्यात चढतं. शिडीवरून पाय ओले करा, फोटो काढा, वर या.

वहिनींची काळजी मला जास्त वाटते. बारा वर्षांच्या शुगरने तळपाय बधिर होतात. बाक किंवा भट्टीचा कठडा भाजतोय हे कळत नाही. बुडाखाली, पायांखाली जाड टॉवेल हवाच. उष्णतेत इन्सुलिन अंगात लवकर भिनतं, शुगर एकदम उतरू शकते. आत जाण्याआधी शुगर बघा, बाहेर साखरेचं पाणी तयार ठेवा, इन्सुलिनचं पेन चुकूनही आत नेऊ नका. आणि एकटीने बसायचं नाही, विहीणबाई सोबत हवीच.

रिवाजाचं थोडं. आत जाण्याआधी आंघोळ, पण अंगाला तेल नको. बाक तेलकट होतो. बसायला कापडाचा किंवा कागदाचा तुकडा देतात, त्यावरच बसायचं. दार उघडं धरून ‘येऊ का’ विचारत उभं राहू नका, आतली ऊब जाते. पाणी टाकण्याआधी इतरांना विचारा. फोन, चष्मा, दागिने बाहेर. ‘सौनात देवळासारखं वागावं’ अशा अर्थाची त्यांची म्हणच आहे; राजकारण आणि प्लॉटचे भाव ओट्यावर बोला. जूनमध्ये भूर्ज झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी बांधतात, तिला ‘विहता’ म्हणतात. तिने अंगावर हलकं चापटतात. व्याह्यांनी पाठीवर मारली तर दचकू नका, तो लाड असतो. बाहेर आल्यावर ‘पीमा’ मागा. आपल्या घट्ट ताकाची सख्खी बहीण. मीठ-जिरं मात्र इथून न्या.

प्रश्न : लग्नाला पाच आठवडे आहेत. जिममधले सर म्हणतात, रोज अर्धा तास स्टीममध्ये, म्हणजे वाफेच्या खोलीत, प्लास्टिकचं जाकीट घालून बस, आठवड्याला दोन किलो उतरतील आणि विषारी द्रव्यंही निघून जातील. करू का? – एक नवरदेव, जळगाव

उत्तर : नको. उतरतं ते पाणी, दोन तांबे प्यायल्यावर परत येतं. विषारी द्रव्यांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करतात. आणि स्टीम म्हणजे सौना नव्हे. स्टीममध्ये चाळीस-पन्नास अंशच असतात, पण हवा इतकी ओली की घाम सुकत नाही. वर प्लास्टिक घातलंत तर अंग थंड व्हायला वाटच उरत नाही. उष्माघात असाच होतो.

तुमचे सर फिनलंडच्या अभ्यासाचा हवाला देतीलच, म्हणून सांगते. २०१५ साली कुओपिओ भागातल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षांचा पाठपुरावा छापून आला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक दगावणं कमी दिसलं. पण मुळात धडधाकट असलेलेच जास्त वेळा जात असतील, ही शंका उरतेच. वजन उतरवण्याचा तर तो अभ्यासच नव्हता. आणखी एक, नवरदेव : सततच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या काही काळ घटते. हे सरांनाही सांगा, ते स्वतः बसत असतील तर.

पाच आठवडे संध्याकाळी मेहरूणच्या तलावाला झपाझप फेऱ्या मारा आणि शेवभाजीवरचा तेलाचा तवंग काढून खा. शेरवानी अजून शिवायला टाकली नसेल तर माप चौथ्या आठवड्यात द्या.